दीड किलोचा नियम

माझ्या वहिनींनी आयुष्यात दोनच माणसांवर मनापासून राग धरला. पहिला माझ्या थोरल्या भावावर. पण त्याच्याशी संसार करायचा असल्यामुळे तो त्यांनी हप्त्याहप्त्याने वसूल केला. दुसरा समोरच्या कॉम्प्युटर दुकानदारावर. तो मात्र त्यांना एकरकमी वसूल करायचा होता.

वहिनी शिवणकाम करतात, पण शिवणकाम म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसलं नाही. ज्यांना तयार कपडे बसत नाहीत, त्यांचे कपडे त्या शिवतात. एक खांदा उतरलेला, पाठीला बाक आलेला, यंत्रात हात गेलेला. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याची विजार मागून दोन इंच उंच कापावी लागते, नाहीतर बसल्यावर कंबर उघडी पडते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. असा कपडा अंदाजाने कापता येत नाही. प्रत्येक माणसाचा वेगळा नमुना लागतो आणि तो जपून ठेवावा लागतो. वहिनी ते खाकी कागदावर काढायच्या आणि गुंडाळ्या करून माळ्यावर ठेवायच्या. माळा भरला तेव्हा पलंगाखाली. पलंगाखालची जागाही भरली तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "आता मीच माळ्यावर झोपायला जातो."

मी एका तांत्रिक महाविद्यालयाच्या खरेदी विभागात आहे. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. खिळ्यापासून प्रयोगशाळेतल्या यंत्रापर्यंत सगळं मागवायचं, आल्यावर मागणीपत्राशी ताडून पाहायचं, हे माझं काम. वहिनींना कॉम्प्युटर घ्यायला मीच लावलं. शेहेचाळिसाव्या वर्षी त्या त्यावर नमुने काढायला शिकल्या. एकेक गुंडाळी उलगडून तिची मापं आत भरायला त्यांना सव्वा वर्ष लागलं. सगळं भरून झाल्यावर मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, कागद रद्दीत द्या. दोन, सगळं एकाच डिस्कवर ठेवू नका. दुसरी डिस्क मी स्वतः त्याच कॉम्प्युटरच्या पोटात बसवून घेतली आणि निर्धास्त झालो. एकाच खोलीत दोन कुलपं लावली म्हणजे दोन घरं होत नाहीत, हे माझ्यासारख्या नीटनेटक्या माणसाच्या लक्षात आलं नाही.

वहिनी कधी 'फाईल' म्हणत नसत. "माझ्याकडे तीनशे बारा माणसं आहेत," असं म्हणायच्या.

मग एके दिवशी कॉम्प्युटर चालता चालता आपोआप बंद पडायला लागला. पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना झेपेल अशी करून देणारा तो पत्र्याचा डबा, संपला होता. गल्लीच्या पलीकडे, वहिनींच्या कामाच्या खिडकीसमोर तिरकं एक दुकान आहे. दुकानदार दर वाक्याला "गॅरंटी!" म्हणतो, म्हणून सगळी गल्ली त्याला गॅरंटीच म्हणते. वहिनी त्याला म्हणाल्या, "चांगला दे हो. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण चांगला दे."

"ताई, गॅरंटी! पाचशे वॉटचा आहे. हत्ती बांधा याला."

तिसऱ्या आठवड्यात, एका बुधवारी सकाळी, वहिनी एका गिऱ्हाइकाचं माप घेत असताना फुगा फुटल्यासारखा आवाज झाला. गरम इस्त्रीखाली नायलॉन सापडल्यावर येतो तसा वास आला. डबा एकटा गेला नाही. जाताना त्याने भलतीच वीज आत सोडली आणि दोन्ही डिस्क जाळल्या. मी त्या दोन ठिकाणी दाखवल्या. एकाने चार दिवस घेतले, दुसऱ्याने चार मिनिटं. उत्तर एकच.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी वहिनींबरोबर दुकानात गेलो. दुकानात चार-पाच माणसं होती. गॅरंटीने शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, लाइट वरखाली झाली, त्याला मी काय करणार?"

"शेजारच्या घरातला दिवासुद्धा मिचकावला नाही," वहिनी म्हणाल्या.

"मग वापरण्यात काहीतरी झालं असेल." त्याने गिऱ्हाइकांकडे पाहिलं. "शिलाई मशीनला घालता तसं तेलबिल तर नाही ना घातलंत याला?"

सगळे हसले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण वहिनी वळल्या होत्या. घराचा जिना त्या चढू लागल्या. मग पायरीवर थांबून म्हणाल्या, "हसणाऱ्यांत तो लांब हाताचा होता बघा. त्याची उजवी बाही मी तीन वेळा उसवून शिवलीय. एकदाही जास्त पैसे मागितले नाहीत."

"जाऊ द्या, वहिनी."

"जाऊ कुठे द्यायचं? समोरच तर बसलाय."

त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की समोरच्या दुकानातून तो डबा परत एकालाही विकला जाऊ द्यायचा नाही. पोलीस, तक्रार, वकील यांतलं काही नको. "त्याने माझी माणसं घालवली," त्या म्हणाल्या, "मी त्याची घालवणार."

जळका डबा त्यांना लगेच उघडायचा होता. मी आठ दिवस थांबवलं, कारण तारेतून काढल्यावरही असल्या डब्यात वीज साठून राहते. आठवा दिवस उजाडला आणि त्यांनी स्क्रू काढून झाकण उचललं. मला त्यातलं जेवढं कळत होतं तेवढं मी सांगू लागलो, पण त्या ऐकत नव्हत्या. कापड पाहावं तसं पाहत होत्या.

"भावजी, ह्या जागा रिकाम्या का आहेत?"

हिरव्या पट्टीवर सात-आठ ठिकाणी भागांची नावं छापलेली होती, भोकं पाडलेली होती, पण भागच बसवलेले नव्हते. वीज वाढली तर अडवणारे भाग तिथे हवे होते.

"म्हणजे अस्तर नाही," वहिनी म्हणाल्या. "आणि ह्या तारा? माझा काजाचा दोरा याच्यापेक्षा जाड आहे. वरून कोट, आतून सगळी कच्ची टीप."

मग मी त्यांना डब्यावरचा कागद वाचायला शिकवलं. वर मोठ्या अक्षरात पाचशे वॉट. खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तक्ता. "कॉम्प्युटरचं खरं काम बारा व्होल्टच्या रकान्यावर चालतं. तिथे किती अँपिअर लिहिलेत?"

"चौदा."

"बारा गुणिले चौदा."

"एकशे अडुसष्ट." त्यांनी चष्मा वर केला. "आणि वर पाचशे? छाती बेचाळीस म्हणून लेबल लावायचं आणि आत तिशीचा सदरा?"

नवा डबा आणायला आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. कॉलेजसाठी पन्नास यंत्रं मागवतो तशीच मी चौकशी केली. तिसऱ्या दुकानात पटला. त्याच्यावर साडेचारशेच लिहिलं होतं, पण बाराच्या रकान्यात छत्तीस अँपिअर होते, म्हणजे वरचा आकडा आणि खालचा आकडा एकमेकांना ओळखत होते. वीज मर्यादेबाहेर गेली तर स्वतः बंद पडण्याची सोय त्यात होती. विजेचा अपव्यय किती कमी होतो, याची चाचणी झाल्याची खूण होती. पाच वर्षांची हमी डब्याच्या क्रमांकासकट छापून दिलेली होती, तोंडी नव्हती. दुकानदाराने एकदाही हत्तीचं नाव काढलं नाही.

घरी आल्यावर वहिनींनी एका हातात नवा डबा घेतला, एका हातात जळका. मग उठून ताणकाटा आणला. गाद्या-उशांचा कापूस तोलायला त्यांच्याकडे हूकचा एक जुना ताणकाटा असतो. जळका भरला सहाशे वीस ग्रॅम. नवा एक किलो सातशे चाळीस.

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला हसू म्हणता येणार नाही.

"दीड किलोच्या आत असेल तर घेऊ नका," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगायचं. बस्स."

"वहिनी, वजन ही ओळख झाली, कसोटी नाही. चांगल्यात तांबं जास्त, थंड ठेवणारा धातू जास्त, म्हणून तो जड. पण लोकांना रकाना वाचायला शिकवा."

"रकाना वाचायला चष्मा लागतो, भावजी. वजनाला हात पुरतो. मला त्याचं दुकान बसवायचंय, शाळा काढायची नाहीये."

चौतीस वर्षांत मी मालाचं वजन करून कधी प्रत ठरवली नव्हती, आणि तरी गप्प बसलो. खरं सांगायचं तर त्याचं दुकान बसलेलं मलाही पाहायचं होतं.

वहिनींकडे रोज सात-आठ माणसं येतात आणि माप देताना माणूस हलू शकत नाही. त्यामुळे ऐकून घेण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. तोंडात टाचण्या धरून त्या विचारायच्या, "घरी कॉम्प्युटर आहे?" आहे म्हटलं की दीड किलो. नाही म्हटलं तरी दीड किलो, म्हणजे कोणाला तरी सांगेल. ताणकाट्याला त्यांनी गळ्यात अडकवायची पिशवी शिवली आणि जो दुकानात जाईल त्याला ती उसनी द्यायला लागल्या. माणसं काउंटरवर जाऊन डब्याच्या तारेत हूक अडकवायची, काटा बघायची आणि "नको" म्हणून पायऱ्या उतरायची. वहिनी खिडकीतून पाहायच्या. रिकाम्या हाताने परतणाऱ्या प्रत्येकासाठी खिडकीच्या चौकटीवर शिंपीखडूची एक रेघ.

"ही हल्ली कापड कमी आणि माणसं जास्त मोजते," माझा भाऊ म्हणाला. तो निवृत्त बसचालक आहे. आयुष्यभर 'चालकाशी बोलू नये' या पाटीखाली बसल्यामुळे त्याचं बोलणं थोडक्यात असतं.

महिन्याभरात रेघा चौकटीच्या वरच्या टोकाला गेल्या. एकदा दुपारी गॅरंटी स्वतः पायरीवर येऊन उभा राहिला आणि ओरडला, "ताई, धंदा करू द्या की!"

"कर ना! कोणी हात धरलाय? वजन करून दे!"

"डबा आहे ताई, कांदे-बटाटे नाहीत!"

"कांदा निदान सोलल्यावर आतून कांदाच निघतो रे!"

आजूबाजूच्या खिडक्यांतून लोक हसले. ह्या खेपेला हसू आमच्या बाजूचं होतं. वहिनी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गुणगुणत होत्या.

आणि मग दोन महिन्यांनी गॅरंटीने काउंटरवर स्वतःचा वजनकाटा ठेवला. बाहेर पाटी लावली: 'वजन करून घ्या'. नवे डबे आले होते. एक किलो सहाशे, एक किलो सातशे. वहिनींनी एक मागवून घेतला, हूकला लावला, परत पाठवला. काटा खोटं बोलत नव्हता.

"सुधारला मेला," त्या म्हणाल्या.

"मग जिंकलात की."

"मला तो सुधारायला नको होता, भावजी. मला तो होता तसाच हवा होता."

तरी शब्दाला जागणारी बाई. विचारणाऱ्याला आता त्या सांगायला लागल्या, "आता घ्या, हरकत नाही. जड आहेत." माणसं आनंदाने जाऊन घेऊन आली. ह्या हिशेबाने पुढच्या तीन महिन्यांत वहिनींच्या शब्दावर गॅरंटीने तेवीस डबे विकले. रेघा पुसल्या गेल्या. राग मात्र तिथेच होता. नुसता रिकामा बसलेला.

तेविसांपैकी एक गणिताच्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, पाठ जवळजवळ काटकोनात वाकलेली, पण जीभ पट्टीसारखी सरळ. घरी कॉम्प्युटरपुढे बसून लांबलांबच्या मुलांना शिकवतात. त्यांची पाठ कपड्यात दिसू नये म्हणून वहिनींनी नऊ वर्षांपूर्वी जो नमुना काढला होता, तो वहिनींच्या मते त्यांचं सर्वांत चांगलं काम. तोही जळालेल्यांतच होता.

एके दिवशी बाई वहिनींचा जिना चढून आल्या. हातात पिशवी. पिशवीतून तोच वास.

"परवा गेला," त्या टेकत म्हणाल्या. "आवाज झाला आणि सगळं बंद. मुलांच्या वह्या, प्रश्नसंच, सगळं." मग वहिनींकडे मान वर करून पाहिलं. त्यांना वर पाहायला कष्ट पडतात. "मी तुझ्या शब्दावर घेतला होता गं."

पुन्हा आठ दिवस थांबलो. पुन्हा झाकण उचललं. आत तीच हिरवी पट्टी, त्याच रिकाम्या जागा, तोच काजाचा दोरा. आणि एका बाजूला, काळ्या गोंदाने घट्ट चिकटवलेली, हाताच्या पंजाएवढी लोखंडाची वीट. कशालाही न जोडलेली. तिचं काम एकच होतं, वजन भरणं.

भाऊ वाकून बघत म्हणाला, "लोखंड मात्र चांगल्या प्रतीचं आहे." वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. तो गॅलरीत निघून गेला.

बराच वेळ वहिनी त्या विटेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तेवीस घरं. यादी करा."

"दुकानात जाऊ ना आधी?"

"आधी घरं. दुकान कुठे पळतंय?"

पुढचे पाच दिवस संध्याकाळी आम्ही घरोघर फिरलो. प्रत्येक दारात त्या तेच बोलायच्या: "मी चुकीचं सांगितलं. वजनावर जाऊ नका. तो डबा बंद करा, तारेतून काढून ठेवा." बहुतेकांनी समजून घेतलं. काहींनी नाही. त्या लांब हाताच्या माणसाने दारातच विचारलं, "म्हणजे तुम्हाला त्याच्यावर सूड उगवायचा होता, आणि उगवला आमच्यावर?"

वहिनी म्हणाल्या, "हो." जिन्यात मी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ असे मिटले होते, की त्यांत टाचण्या आहेत असं वाटावं.

शनिवारी दुपारी, दुकानात सर्वांत जास्त गर्दी असते त्या वेळी, एकोणीस जणं आपापले डबे घेऊन आली. गणिताच्या बाईंना माझ्या भावाने हात धरून आणलं, कोणीतरी त्यांना खुर्ची दिली. वहिनींनी लोखंडाची वीट काउंटरवर ठेवली. आवाज मोठा झाला.

गॅरंटीने वीट पाहिली, माणसं पाहिली, आणि त्याचा चेहरा असा पडला, की क्षणभर माझाही विश्वास बसला.

"अरे देवा! म्हणजे मलाही फसवलं?" तो म्हणाला. "ताई, शपथ घेतो. सीलबंद माल येतो, मी कुठे आत बघतो? मी फक्त वर निरोप पाठवला, की जड पाठवा. माझ्या गिऱ्हाइकांना जड लागतो." आणि मग हळूच, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, "जड म्हणजे चांगला, हे तर तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात ना? मलाही तेच खरं वाटलं."

गर्दीत कुजबुज झाली. "खरंय, त्याला तरी काय माहीत," कोणीतरी म्हणालं. दुसऱ्याने पुस्ती जोडली, "ताईंनीच वजनाचं काढलं होतं." गॅरंटी लगेच म्हणाला, "मी सगळ्यांना बदलून देतो. गॅरंटी! माझं नुकसान झालं तरी चालेल." दोघातिघांनी मान डोलावली. पाच मिनिटांत तो दुकानातला सर्वांत भला माणूस झाला होता.

मला वाटलं, संपलं. जो नियम त्याचं दुकान बसवायला काढला, त्याच नियमाच्या आडोशाला तो उभा होता. तिथून त्याला ओढून काढायचं, तर आधी स्वतःलाच पाडावं लागणार होतं.

"बरोबर आहे त्याचं," वहिनी अखेर म्हणाल्या. "नियम माझाच. चुकीचा होता. ज्याला यातलं काही कळत नाही, तो असा फसणारच. मी फसले." त्यांनी काउंटरकडे पाहिलं. तिथे त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर चालू होता. "हा तुझा किती वर्षांचा रे?"

गॅरंटी सुटकेच्या भरात होता. धंदेवाल्याची जीभ मनाच्या आधी धावते. "हा? सहा वर्षं झाली ताई. एक दिवस बंद नाही. गॅरंटी!"

"याला कोणता डबा लावलायस?"

दुकानात कॉम्प्युटरच्या पंख्याचा बारीक आवाज येत होता.

"हाच... म्हणजे असाच. साधाच."

"उघड."

"दुकानाचा आहे ताई, आत्ता गर्दीत कशाला..."

खुर्चीतून गणिताच्या बाई बोलल्या. त्यांना मान फार वेळ वर ठेवता येत नाही, म्हणून त्या जमिनीकडे पाहूनच बोलल्या. "उघड रे. तुला सातवीला मी होते. तेव्हाही तू उत्तर आधी लिहायचास आणि रीत नंतर."

त्याने कॉम्प्युटर बंद केला आणि बाजूचा पत्रा काढला. आत सहा वर्षांची धूळ करड्या लोकरीसारखी साचली होती. धुळीखाली डबा. वहिनींनी कमरेचा रुमाल काढून कागदावरची धूळ पुसली.

"भावजी, वाचा. मोठ्याने."

मी चष्मा बदलला आणि मागणीपत्र वाचतो तसं वाचलं. साडेपाचशे वॉट. बाराच्या रकान्यात पंचेचाळीस अँपिअर. चाचणीची खूण आहे. सात वर्षांची हमी. खरेदीची तारीख, त्याच्याच अक्षरात, सहा वर्षांपूर्वीची.

गॅरंटी हातातला स्क्रू ड्रायव्हर फिरवत होता. तो धुळीच्या थराकडे पाहत होता आणि ती धूळ काही एका दिवसात बसलेली नव्हती.

"याला कळतं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी आले तेव्हाही कळत होतं. मी म्हटलं होतं, चांगला दे. तेव्हा चांगला कोणता हे याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं."

लांब हाताचा माणूस पुढे आला. त्याने आपला डबा काउंटरवर ठेवला. "पैसे. आत्ता." मग बाकीचे. गॅरंटीने खण उघडला आणि एकही 'गॅरंटी' न म्हणता एकेकाला पैसे दिले. वहिनी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. शेवटचा माणूस झाल्यावर त्या पुढे झाल्या.

"माझं काय द्यायचं तुला माहीत नाही, म्हणून मी सांगते," त्या म्हणाल्या. "हा तुझा डबा काढ आणि बाईंच्या मशीनसाठी दे. आणि ह्या एकोणिसांतला एक, तुझ्या पसंतीचा, तुझ्या मशीनला लाव."

"ताई..."

"लाव. साधाच तर आहे."

माणसं हलली नाहीत. त्याने लावला. इतक्या वर्षांचा सराव असलेला हात, पण स्क्रू दोनदा खाली पडला. जोडणी झाली तसा तो मागे सरकला.

"बटण दाब," वहिनी म्हणाल्या.

"ताई, माझं सगळं यात आहे हो."

"किती माणसं?"

"माणसं नाहीत, माल, बिलं, गिऱ्हाइकांचे नंबर... सहा वर्षांचं आहे."

"माझ्यात तीनशे बारा होती." आणि त्यांनीच बोट पुढे करून बटण दाबलं.

गॅरंटीने डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. पंखा फिरला, पडदा उजळला, दुकानाचं नाव झळकलं.

"चालतोय की," वहिनी म्हणाल्या. "माझाही पहिल्या दिवशी असाच चालला होता. राहू दे लावलेला. मी खिडकीतून बघत असतेच."

आम्ही निघालो. भावाने एका हाताने बाईंना आधार दिला होता, दुसऱ्या हातात तो धुळीचा डबा. आम्ही शेवटच्या पायरीवर होतो तेव्हा मागे पंख्याचा आवाज थांबला. गॅरंटीने प्लग उपटला होता. आत अजून दहा-बारा माणसं उभी होती आणि त्यांनी ते पाहिलं. वहिनी वळल्या नाहीत. पण गल्ली ओलांडताना त्यांची चाल बदलली होती.

दुकान अजून आहे. डबे विकत नाही तो आता. माउस, तारा, शाई विकतो. वहिनी अजूनही सकाळी त्याचं शटर उघडताना पाहतात आणि अजूनही त्यांच्या कपाळाला आठी पडते. लोकांना त्या आता बाराचा रकाना वाचायला शिकवतात. चष्मा नसेल त्याला स्वतःचा देतात. माणसंही पुन्हा भरायला घेतली आहेत, पहिल्यापासून. आत्तापर्यंत एकेचाळीस झाली. दुसरी डिस्क मी माझ्या घरी ठेवतो आणि दर रविवारी नेऊन भरून आणतो.

परवा गणिताच्या बाईंचं माप होतं. वहिनींनी मानेपासून कंबरेपर्यंत टेप धरली, थांबल्या, पुन्हा धरली.

"काय झालं?" बाईंनी जमिनीकडे पाहत विचारलं.

"नऊ वर्षांत दीड इंचाने बदललीय पाठ. खांदेही पुढे आलेत."

"म्हणजे तो जुना नमुना असता, तरी मला आता बसला नसता?"

वहिनींनी मापं लिहून घेतली. मग खिडकीबाहेर, पलीकडच्या दुकानाकडे पाहिलं आणि खिडकीचं दार ओढून घेतलं.

"हे त्याला कळू देऊ नका हं, बाई," त्या म्हणाल्या.